भुईमूग, रताळें आणि डॉ. कार्व्हर

थोर पुरुष म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा रणांगणावरील वीर, राज्यकारभार चालविणारा मुत्सद्दी किंवा सभा गाजविणारा वक्ता उभा राहतो. परंतु ज्याची रणभूमि म्हणजे एक ओसाड शेत व ज्याचीं शस्त्रें म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि टोपलीभर रताळीं, अशा पुरुषाचें चरित्रहि तितकेंच बोधप्रद असूं शकतें. अशाच एका पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. ते पुरुष म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होत. श्रीमती वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळें हें नांव महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत पोंचलेलें आहे. आम्हांस मात्र येथें त्यांच्या आयुष्यांतील एका विशिष्ट प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. तो प्रश्न असा : गरिबाचें पोट धान्यानें व कंदमुळांनीं भरतें खरें, पण तेवढ्यानें त्याच्या शरीराचें पोषण होतें काय? आणि होत नसेल, तर ती उणीव त्याच्या ऐपतींत बसेल अशा कोणत्या पदार्थानें भरून काढावी?

कार्व्हर यांचा जन्म मिसुरी संस्थानांतील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नांवाच्या एका गोऱ्या शेतकऱ्याच्या मळ्यावर झाला. जन्माची तिथि कोणीं लिहून ठेविली नाहीं. गुलामाच्या मुलाची तिथि कोण लिहून ठेवणार? १८६४ सालच्या सुमारास तो जन्मला असें मानतात. त्याची आई मेरी हिला मोझेसनें १८५५ सालीं ७०० डॉलर देऊन विकत घेतलें होतें. जॉर्ज जन्मला तेव्हां अमेरिकेंत यादवी युद्ध चालूं होतें आणि सरहद्दीवरील मुलखांत लुटारूंच्या टोळ्या फिरत असत. अशाच एका टोळीनें एके रात्रीं मेरीस व तिच्या तान्ह्या मुलास पळवून नेलें. मोझेसनें त्यांच्या शोधार्थ माणूस पाठविला. त्यास मूल तेवढें सांपडलें. आईचा पत्ता पुढें कधींच लागला नाहीं. मूल परत आणल्याबद्दल मोझेसनें त्या माणसास आपला एक घोडा दिला, असें सांगतात.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मोझेस व त्याची पत्नी सुसान यांनीं जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांस आपल्याच घरीं वाढविलें. डांग्या खोकल्यानें जॉर्जची प्रकृति लहानपणींच खालावलेली होती. त्यामुळें शेतांतील कष्टाचीं कामें त्याच्या वांट्यास आलीं नाहींत. तो सुसानबाईंच्या हाताखालीं स्वयंपाक, धुणें, शिवणकाम शिकला व उरलेला वेळ रानांत घालवूं लागला. झाडें त्यास माणसांसारखीं वाटत. शेजारीपाजारी आपलीं सुकलेलीं रोपें त्याच्याकडे आणून देत आणि तो तीं टवटवीत करून परत करी. त्यावरून लोक त्यास झाडांचा वैद्य म्हणूं लागले. चुलीपाशीं व बागेंत मिळालेलें हें शिक्षण पुढें फार उपयोगी पडावयाचें होतें.

गांवची शाळा गोऱ्या मुलांची; तेथें जॉर्जला प्रवेश नव्हता. म्हणून अकराबारा वर्षांचा असतांना तो एकटाच निओशो या गांवीं गेला. तेथें मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय बाईनें त्यास आपल्या घरांत ठेवून घेतलें. कार्व्हरचा जॉर्ज असें मालकाचें नांव पुढें लावून आपली ओळख सांगूं नकोस, तूं जॉर्ज कार्व्हर आहेस, हें तिनेंच त्यास शिकविलें. पुढें कॅन्सस संस्थानांत गांवोगांव फिरत, लोकांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून त्यानें शिक्षण चालूं ठेविलें. १८७९ सालीं फोर्ट स्कॉट येथें गोऱ्या जमावानें एका कृष्णवर्णीय माणसाची केलेली हत्या त्यानें डोळ्यांनीं पाहिली आणि तें गांव सोडलें. हायलंड येथील एका कॉलेजानें त्याचा अर्ज पत्रानें मंजूर केला होता. परंतु तो प्रत्यक्ष दारांत उभा राहतांच, केवळ त्याच्या कातडीच्या रंगामुळें, त्यास परत पाठविण्यांत आलें.

अशा प्रसंगीं पुष्कळांचें मन कडवट होतें. जॉर्जनें कांहीं वर्षें माळरानावर शेती केली, आणि १८९० सालीं आयोवा संस्थानांतील सिंप्सन कॉलेजांत प्रवेश मिळविला. तेथें तो चित्रकला शिकत होता. त्याच्या चित्रांतील फुलें व पानें इतकीं हुबेहूब असत कीं त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनीं त्यास वनस्पतिशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. तो मानून १८९१ सालीं तो एम्स येथील कृषिकॉलेजांत गेला; तेथील तो पहिलाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. १८९४ सालीं तो पदवीधर झाला व १८९६ सालीं त्यानें वरची पदवी मिळविली. वनस्पतींवरील बुरशीच्या रोगांचा त्यानें विशेष अभ्यास केला होता. त्याच कॉलेजांत त्यास अध्यापकाची जागाहि मिळाली. म्हणजे आयुष्यांत प्रथमच निश्चिंतपणें बसून काम करण्याजोगें स्थान त्यास लाभलें होतें.

परंतु त्याच वर्षीं दक्षिणेकडून एक पत्र आलें. अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालापासून कृष्णवर्णीय मुलामुलींसाठीं एक शिक्षणसंस्था चालविली होती. ते स्वतः गुलामगिरींत जन्मलेले होते. संस्थेचा शेतकीविभाग सांभाळण्यासाठीं त्यांनीं कार्व्हर यांस बोलाविलें. कार्व्हर यांनीं एम्स सोडलें व १८९६ च्या ऑक्टोबरांत ते टस्कीगीस आले. प्रयोगशाळा म्हणून तेथें कांहींच नव्हतें. तेव्हां विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन ते उकिरड्यांवरून बाटल्या, डबे, तारा व फुटकीं भांडीं गोळा करीत फिरले, आणि त्यांतूनच त्यांनीं पहिलीं उपकरणें बनविलीं. पुढील ४७ वर्षें हीच त्यांची कर्मभूमि झाली.

टस्कीगीच्या भोंवतालचा प्रदेश कापसाचा. शेतकरी बहुतेक कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन करणारा, सावकाराच्या कर्जांत बुडालेला. दरवर्षीं त्याच शेतांत कापूसच पेरल्यामुळें जमिनीचा कस पार गेलेला होता. त्यांतच कापसाच्या बोंडांत शिरणारा एक सोंडेकिडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोंतून टेक्सास संस्थानांत उतरला व पूर्वेकडे सरकत १९१० च्या सुमारास अलाबामांत येऊन पोंचला. पीक गेलें, पैसा गेला, आणि दारापर्यंत कापूस लावलेला असल्यामुळें घरांत खाण्यापुरता भाजीपालाहि उरला नाहीं.

या लोकांचें जेवण तरी काय असे? मक्याच्या पिठाची भाकरी, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. पोट भरे, पण दर वर्षीं वसंत ऋतूंत हजारों माणसांच्या अंगावर चट्टे उठत, जुलाब होत, डोक्यांत भ्रम होई व कित्येक मरत. या रोगास पेलाग्रा म्हणतात. प्रथम पुष्कळांस तो संसर्गजन्य वाटे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ सालापासून संशोधन करून तो जंतूंमुळें होत नसून निकृष्ट आहारामुळें होतो हें दाखविलें. ज्या घटकाच्या अभावीं तो होतो, तो नियासिन नांवाचा ब वर्गांतील जीवनसत्त्व आहे, हें १९३७ सालीं कॉनराड एल्व्हेजेम यांच्या शोधानें ठरलें. कार्व्हर यांनीं शेतकऱ्यांस आहार सुधारण्यास सांगितलें, तें नियासिनचा शोध लागण्यापूर्वीं कितीतरी वर्षें. शेतकऱ्याच्या चुलीवरील भांड्यांत काय नाहीं, हें त्यांस भांड्यांत डोकावूनच कळत असे.

त्यांनीं तीन पिकें सुचविलीं : चवळी, भुईमूग आणि रताळें. पहिलीं दोन द्विदल वर्गांतील असून त्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नायट्रोजन जमिनीस मिळवून देतात. म्हणजे तीं पिकें थकलेल्या जमिनीस अन्न देतात. रताळें हलक्या वाळवट जमिनींतहि येतें व थोड्या जागेंत पुष्कळ अन्न देतें. येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. इंग्रज लोक शेंगदाण्यास एक प्रकारचें कवचफळ समजून नांव देतात. वस्तुतः तो बदामाचा किंवा अक्रोडाचा भाऊबंद नसून कडधान्यांच्या घराण्यांतला आहे. मराठी शेतकऱ्यानें त्यास भुईमूग, म्हणजे भुईंतला मूग, असें नांव देऊन हें शास्त्रीय सत्य सहज सांगून टाकलें आहे.

आतां या दोन पदार्थांची तुलना करून पाहूं. १०० ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रथिनें, ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, चोथ्यासह १६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि केवळ ६ ते ७ ग्रॅम पाणी असतें. त्यांपासून सुमारे ५६७ उष्मांक मिळतात. तितक्याच वजनाच्या कच्च्या रताळ्यांत ७७ ग्रॅम पाणीच असतें. पिष्टमय पदार्थ व साखर मिळून २० ग्रॅम, प्रथिनें दीड ग्रॅमच्या आसपास, स्निग्ध पदार्थ नांवालाच, व उष्मांक सुमारे ८६. केवळ हे आंकडे पाहून शेंगदाणा जिंकला असें म्हणणें सोपें आहे. परंतु तो न्याय होणार नाहीं. एकांत पाणी फार व दुसऱ्यांत अत्यल्प, अशा दोन वस्तु एकाच तराजूंत घालणें योग्य नव्हे. रताळ्यांतील पाणी काढून टाकलें, तर उरलेल्या कोरड्या भागांत दर शेंकडा सुमारें ७ भाग प्रथिनें भरतात. शेंगदाण्याच्या मानानें हें चतुर्थांशच होय. पण पहिल्या आंकड्यांवरून वाटतें तितकी तफावत खास नाहीं.

शिवाय रताळ्याजवळ असें कांहीं आहे कीं जें शेंगदाण्याजवळ नाहीं. ज्या रताळ्याचा गर पिवळा किंवा नारिंगी असतो, त्यापासून शरीरास अ जीवनसत्त्व मिळतें, आणि कोणत्याहि रताळ्यांत थोडेंफार क जीवनसत्त्व असतें. शेंगदाण्यांत हीं दोन्ही जवळजवळ नाहींत. उलट पेलाग्रा टाळणारें नियासिन १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम असतें, व मोठ्या माणसाची रोजची गरज १४ ते १६ मिलिग्रॅमची आहे. रताळ्यांत तें अगदींच थोडें. म्हणजे एकाचें न्यून तें दुसऱ्याचें भांडार, अशी ही जोडी आहे. हाच नियम सर्वसाधारणपणें त्यांच्या जातभाईंसहि लागूं पडतो. १०० ग्रॅम बदामांत २१, काजूंत १८ आणि अक्रोडांत १५ ग्रॅम प्रथिनें असून स्निग्धांश विपुल असतो. बटाट्यांत प्रथिनें २ ग्रॅम व कसाव्याच्या कंदांत दीड ग्रॅमहूनहि कमी. दोहोंतहि मुख्य भाग पिष्टाचाच. कंद हें शरीराचें सरपण आहे. दाणे हें सरपण तर आहेतच, शिवाय बांधकामाचें सामानहि आहे.

परंतु ज्ञान प्रयोगशाळेंत राहिलें तर उपाशी माणसास त्याचा काय उपयोग? १८९८ सालीं कार्व्हर यांनीं आपली पहिली शेतकी पत्रिका प्रसिद्ध केली. ती ओक वृक्षाचीं फळें जनावरांस खाऊं घालण्याविषयींची होती. रानांत फुकट पडलेल्या वस्तूचा उपयोग कसा करावा, हाच त्यांचा विचार तिच्यांत दिसतो. त्यांनीं एकंदर ४४ पत्रिका लिहिल्या. १९१६ सालच्या पत्रिकेंत भुईमूग कसा पिकवावा हें सांगून त्याचे १०५ खाद्यप्रकार दिले होते. रताळीं पावसाळी हवेंत कुजतात. म्हणून तीं कशीं सांठवावीं व त्यांचें काय काय रांधावें, यावरहि त्यांनीं लिहिलें. या पत्रिकांची भाषा अगदीं सोपी असे. जे वाचूं शकत नसत त्यांच्यासाठीं १९०६ सालीं त्यांनीं खेचरांची एक गाडी तयार करविली. मॉरिस जेसप या धनिकानें तिला पैसे दिले, म्हणून ती जेसप गाडी या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्यांत अवजारें, बीबियाणें व नमुने भरून शिक्षक गांवोगांव जात आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांत उभे राहून त्यास शिकवीत. मुलांनीं शाळेकडे जावें ही नेहमींची रीत; येथें शाळाच शेताकडे जाऊं लागली.

पहिल्या महायुद्धांत गव्हाची टंचाई पडली, तेव्हां कार्व्हर यांनीं केलेल्या रताळ्याच्या पिठाकडे अमेरिकन सरकारचें लक्ष गेलें व १९१८ सालीं त्यांस वॉशिंग्टन येथें तें दाखविण्यासाठीं बोलाविण्यांत आलें. युद्ध संपलें, गहूं पुन्हा मुबलक झाला व ती योजना मागें पडली. याहून संस्मरणीय प्रसंग १९२१ सालचा. परदेशी भुईमुगावर जकात बसवावी अशी तेथील भुईमूग उत्पादकांची मागणी होती व ती मांडण्यासाठीं त्यांनीं कार्व्हर यांस कायदेमंडळाच्या समितीपुढें धाडिलें. त्यांस प्रथम दहाच मिनिटें दिलीं होतीं. कांहीं सभासदांनीं त्यांच्या वर्णावरून थट्टाहि केली. कार्व्हर शांतपणें आपल्या पेटींतून एकेक नमुना काढीत गेले; थोड्याच वेळांत सभासद ऐकण्यांत गुंग झाले, त्यांचा वेळ पुन्हा पुन्हा वाढविण्यांत आला, व शेवटीं सर्वांनीं त्यांची वाहवा केली. पुढील वर्षीं झालेल्या कायद्यांत ती जकात समाविष्ट झाली.

त्या दिवशीं त्यांनीं एक फार मोठें विधान केलें. भुईमूग व रताळें हे जणूं जुळे भाऊ असून त्यांची ताटातूट करूं नये; बाकीचे सर्व वनस्पतिजन्य पदार्थ नाहींसे झाले, तरी एकट्या या दोहोंपासून समतोल आहार सिद्ध करतां येईल, असा त्या विधानाचा आशय होता. हें खरें आहे काय? आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहिलें, तर तें पुष्कळ अंशीं खरें, पण पूर्णपणें खरें नाहीं. उष्मांक, प्रथिनें, स्निग्धांश, अ व क जीवनसत्त्वें आणि नियासिन हीं या जोडीपासून मिळतात. परंतु ब१२ हें जीवनसत्त्व या दोहोंत नाहीं, चुना बेताचाच आहे, आणि शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक थोडा कमी पडतो. ही उणीव दूध, डाळी व पालेभाज्या यांनीं भरून काढावी लागते. दुसरी एक गोष्ट त्या काळीं कोणासहि ठाऊक नव्हती. दमट जागीं ठेवलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येऊन त्यांत विष उत्पन्न होतें, हें १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यावर झालेल्या तपासांत उघडकीस आलें. म्हणून काळे पडलेले, खवट वा बुरसलेले दाणे कितीहि थोडे असले तरी ते फेंकूनच द्यावेत.

मोठ्या माणसांच्या नांवावर न केलेल्या गोष्टीहि खपविल्या जातात. शेंगदाण्याचें लोणी कार्व्हर यांनीं शोधून काढलें असें पुष्कळदां सांगतात. तें खरें नव्हे. भुईमुगापासून ३०० व रताळ्यापासून ११८ वस्तु त्यांनीं बनविल्या असें म्हणतात. त्यांतील बऱ्याचशा पूर्वींपासून माहीत होत्या, व बाजारांत यशस्वी झाल्या अशा फारच थोड्या. त्यांनीं एकंदर तीनच पेटंटें घेतलीं. आमच्या मतें यामुळें त्यांची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं. त्यांचें खरें कार्य बाजारांत शोधावयाचें नसून, ज्या कुटुंबाच्या परसांत कापसाऐवजीं चार ओळी भुईमुगाच्या व चार रताळ्याच्या लागल्या, त्या कुटुंबाच्या ताटांत शोधावयाचें आहे.

त्यांची राहणी अत्यंत साधी होती. ते अविवाहित राहिले. वार्षिक १,००० डॉलर पगारावर ते टस्कीगीस आले होते. पैशाचा मोह त्यांस कधीं झाला नाहीं. जुना कोट व त्यावर एक ताजें फूल, हा त्यांचा नित्याचा वेष. रोज पहाटे उठून ते रानांत जात. देवाच्या सृष्टींत देवच आपल्याशीं बोलतो अशी त्यांची श्रद्धा होती, व विद्यार्थ्यांसाठीं ते बायबलाचा वर्गहि चालवीत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आपली सर्व शिल्लक शेतकीसंशोधनासाठीं स्वतःच्या संस्थेस देऊन टाकली. १९४३ सालच्या जानेवारीच्या ५ तारखेस टस्कीगी येथें ते निवर्तले व बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारींच त्यांस पुरण्यांत आलें. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें त्यांचें जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलें. ज्याची जन्मतिथि लिहून ठेवण्याजोगी कोणास वाटली नाहीं, त्याची जन्मभूमि राष्ट्राची ठेव झाली!

आतां शेवटीं आपल्या ताटाकडे वळूं. भुईमूग व रताळें दोन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. गेल्या चारपांच शतकांत समुद्रमार्गें येऊन तीं महाराष्ट्राचीं इतकीं झालीं कीं एकादशीच्या व महाशिवरात्रीच्या फराळासहि चालतात. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यांत प्रथिनें नाहींत म्हटलें तरी चालेल. पण आमच्या घरांतील आजी त्याच्या खिचडींत दाण्याचें कूट सढळ हातानें घालते. रताळ्याच्या किसांतहि घालते. कार्व्हर यांनीं अलाबामांत ज्या जोडीचा पुरस्कार केला, तीच जोडी आमच्या कढईंत नकळत जमून आलेली आहे. फरक इतकाच कीं, कूट महाग वाटून जेव्हां आपण तें कमी करतों, तेव्हां आपण चव कमी केली असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण पोषण कमी केलेलें असतें. पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. मुलांच्या डब्यांत महाग बदाम नसले तरी चिंता नाहीं. मूठभर भाजलेले चांगले दाणे, लहानसा गुळाचा खडा आणि एखादें उकडलेलें रताळें एवढ्यानें तो डबा सकस होतो. मात्र ज्या मुलांस शेंगदाणा सोसत नाहीं त्यांस तो मुळींच देऊं नये, व इतरांनींहि त्यांस आग्रह करूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, कार्व्हर यांस आई लाभली नाहीं, शाळेनें दार लाविलें, कॉलेजानें दारांतून परत पाठविलें. या सर्वांचें उत्तर त्यांनीं शब्दांनीं दिलें नाहीं. ज्या वस्तूंस लोक डुकरांचें खाद्य समजत, त्या वस्तूंचा त्यांनीं आदरानें अभ्यास केला व त्यांतून उपाशी माणसाच्या मुखीं घांस घातला. आपल्या अंगणांतहि अशा पुष्कळ वस्तु पडलेल्या आहेत. त्यांकडे तितक्याच आदरानें पाहण्याची दृष्टि आपणां सर्वांस लाभो, एवढेंच इच्छून आम्ही हें अल्पचरित्र पुरें करतों.